‘पर्यंत’चे दोन अर्थ : व्यावसायिक इंग्रजीच्या सरावसंचांची चिकित्सा

व्यावसायिक इंग्रजीचा कोणताही सरावसंच उघडा, असा एखादा प्रश्न तुम्हाला भेटेलच. वाक्य असते ‘प्लीज सबमिट द रिपोर्ट ___ फ्रायडे’ आणि पर्याय असतात बाय, अंटिल, सिन्स, फॉर. तुम्ही ‘अंटिल’ निवडता. उत्तरतालिका सांगते, ‘बाय’. एक गुण गेला म्हणून तुम्ही चुकचुकता आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता. चूक का झाली, हे संच सांगत नाही.

या चुकीचे मूळ मराठीत आहे. ‘अहवाल शुक्रवारपर्यंत द्या’ आणि ‘कार्यालय शुक्रवारपर्यंत बंद आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात एक काम एकदाच व्हायचे आहे आणि शुक्रवार ही त्याची शेवटची मर्यादा आहे. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवार येईतो सतत टिकून राहणार आहे. मराठी दोन्हीकडे ‘पर्यंत’नेच काम भागवते. इंग्रजी मात्र पहिल्यासाठी ‘बाय’ आणि दुसऱ्यासाठी ‘अंटिल’ मागते. इंदूरला किंवा भोपाळला शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हिंदीचाही आधार मिळत नाही, कारण ‘तक’ची गत ‘पर्यंत’सारखीच आहे. हा भेद एकदा उलगडला की त्यावरचे वीस प्रश्न सोडवण्याची गरज उरत नाही. उलगडला नाही, तर वीस प्रश्न सोडवूनही एकविसावा चुकतो.

प्रवीणता परीक्षांसाठीच्या सरावसंचांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. ते साऱ्या जगासाठी एकाच साच्यात लिहिलेले असतात. तुमची मातृभाषा तुम्हाला नेमकी कुठे अडखळवते, हे त्यांना ठाऊक नसते. तुमची चूक ते मोजतात, दुरुस्त करत नाहीत. परीक्षेचे शुल्क भरून आणि महिनोन्‌महिने सराव करून शेवटी हाती गुणपत्रक येते. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाला साधे चार ओळींचे पत्र लिहिताना हात थांबतो. हे टाळता येण्यासारखे आहे.

आधी परीक्षेकडे पाहू. टोइक ही परीक्षा अमेरिकेतील ईटीएस या संस्थेने जपानमधून आलेल्या मागणीवरून तयार केली आणि ती १९७९ मध्ये सुरू झाली. तिच्या श्रवण-वाचन चाचणीत २०० प्रश्न असतात. ऐकण्याचे १०० प्रश्न सुमारे ४५ मिनिटांत आणि वाचनाचे १०० प्रश्न ७५ मिनिटांत सोडवायचे. एकूण गुण ९९०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. वाचनात सुरुवातीला अपूर्ण वाक्यांचे ३० प्रश्न येतात आणि सरावसंच बहुतेक करून याच भागाची नक्कल करतात.

त्यातला एक ठरावीक नमुना असा: ‘अ ___ इन्क्रीज इन सेल्स’. पर्यायांत एकाच शब्दाची चार रूपे – सिग्निफाय, सिग्निफिकन्स, सिग्निफिकंट, सिग्निफिकंटली. ‘अ’ हे उपपद आणि ‘इन्क्रीज’ हे नाम यांच्यामध्ये विशेषण हवे, एवढे ओळखले की अर्थ न कळताही उत्तर मिळते. शिकवणीवर्गांत ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवतात. मी तिला नावे ठेवणार नाही. वाचनाच्या प्रत्येक प्रश्नाला सरासरी ४५ सेकंदच मिळतात आणि शेवटचे लांब उतारे त्याहून जास्त वेळ खातात, म्हणून इथे वेळ वाचवावाच लागतो. पण जो शब्द तुम्ही केवळ जागा पाहून ओळखलात, तो तुम्हाला आला असे समजू नका. प्रश्न सुटल्यावर त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य करून पाहा.

व्याकरणाच्या बाबतीत संचांचे नियमसुद्धा तपासून घ्यावे लागतात. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया’ ही व्याख्या सर्रास छापलेली असते. मराठी विद्यार्थ्याला ही व्याख्याच खड्ड्यात घालते. ‘मी काल ई-मेल पाठवला आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, आणि कालची गोष्ट नुकतीचच म्हणायची! म्हणून तो ‘आय हॅव सेंट द ई-मेल यस्टरडे’ असे लिहितो आणि चुकतो. ‘काल’, ‘गेल्या सोमवारी’ असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की इंग्रजीत साधा भूतकाळ लागतो, ‘आय सेंट’. याउलट ‘मी २०२१ पासून इथे काम करतो आहे’ हे आपण चालू वर्तमानकाळात म्हणतो, तर इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ हवे असते.

शब्दसंग्रहाच्या याद्यांत शब्द सुटे दिलेले असतात, हा त्यांचा मोठा दोष. ऑर्डर, मीटिंग, डेडलाइन ही नामे तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. अडचण त्यांच्या जोडीदार क्रियापदाची आहे. मराठीत आपण ऑर्डर ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह’ लिहितो. पण ‘गिव्ह अॅन ऑर्डर’ म्हटले की प्रथम हुकूम सोडल्याचा अर्थ लागतो. माल मागवायचा तर ऑर्डर ‘प्लेस’ करायची. मीटिंग आपण ‘घेतो’, इंग्रजीत ती ‘होल्ड’ करतात. मुदत आपण ‘पाळतो’, इंग्रजीत डेडलाइन ‘मीट’ करतात. वहीत शब्द उतरवताना त्याच्या जोडीदारासकट उतरवा, आणि शेजारी मराठी जोडीही लिहा. जिथे दोन जोड्या जुळत नाहीत, तिथेच तुमची चूक दबा धरून बसलेली असते.

आता वाक्प्रचार. संचांत सर्वांत हौसेने सजवलेला भाग हाच, आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाचा. टोइकमध्ये वाक्प्रचारांचा वेगळा विभागच नाही. ‘बॉलपार्क फिगर’ आणि ‘टच बेस’ यांचे नाते बेसबॉलशी आहे, ‘स्टिकी विकेट’चे क्रिकेटशी. तुमचा ग्राहक कोरियातला असेल तर त्याला विकेट कळणार नाही, आणि बेसबॉल त्याला कळला तरी तुम्हाला कळणार नाही. साध्या दिसणाऱ्या ‘टेबल’ या क्रियापदाचाही असाच घोळ आहे. एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला मांडणे आणि अमेरिकेत तो लांबणीवर टाकणे. शिवाय औचित्याचा प्रश्न राहतोच. मराठी नुकतीच शिकलेल्या माणसाने बँकेच्या व्यवस्थापकाला ‘हप्ता पाहून माझी पाचावर धारण बसली’ असे लिहिले, तर व्याकरण बिनचूक असूनही व्यवस्थापक हसणारच. यादी पाठ करून वाक्प्रचार वापरणाऱ्याची इंग्रजीत अशीच गत होते. हिशेब आणि कारभारातून आलेले मोजके प्रयोग मात्र जरूर ओळखू यावेत: तोट्यात असणे या अर्थी ‘इन द रेड’, निव्वळ नफ्यातोट्याची शेवटची ओळ म्हणजे ‘बॉटम लाइन’, आणि ‘रेड टेप’, जिच्यावरून आपण लालफीतशाही हा शब्द घडवला. वाचताना कळले म्हणजे पुरे. लिहिताना साधा शब्द वापरा.

मग सराव कशाचा करावा? केंब्रिजच्या बिझनेस व्हँटेज परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर वाचनाचा पाचवा भाग पाहा. त्यात १२ ओळींचा मजकूर असतो. बऱ्याच ओळींत एक शब्द फाजील असतो, तो शोधायचा, आणि काही ओळी बिनचूक असतात. मला हा प्रकार रिकाम्या जागांपेक्षा सरस वाटतो, कारण इथे पर्याय समोर नसतात. संशय स्वतःलाच घ्यावा लागतो. आपल्याकडे सर्रास चालणारे ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’ याच जाळ्यात सापडतात. ‘विषयावर चर्चा करणे’ यातला ‘वर’ आणि ‘परत पाठवणे’ यातला ‘परत’ आपण इंग्रजीत सोबत घेऊन जातो; इंग्रजी क्रियापदाच्या पोटात ते आधीच असतात.

हीच कसोटी स्वतःच्या लिखाणाला लावा. त्याच परीक्षेच्या लेखनपत्रिकेत पहिला प्रश्न ४० ते ५० शब्दांच्या अंतर्गत संदेशाचा असतो. रोज एक असा संदेश लिहा, दुसऱ्या दिवशी त्यातला फाजील शब्द शोधा, आणि मग तो वर्गातल्या मैत्रिणीला वाचायला देऊन एवढेच विचारा: हा वाचून तू काय करशील, आणि केव्हा? ‘बाय फ्रायडे’ वाचून ती म्हणाली, ‘शुक्रवारी संध्याकाळी पाठवीन’, आणि तुम्हाला अहवाल शुक्रवारी सकाळच्या बैठकीआधी हवा होता, तर उत्तरतालिकेतले बिनचूक उत्तरही तिथे अपुरे पडले आहे. वेळ लिहा: ‘बाय टेन ए. एम. ऑन फ्रायडे’.