ऑनलाईन अध्ययन मंच आणि ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थी : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी माहिती-तंत्रज्ञानाने उच्च शिक्षणात प्रवेश केला. 'मूडल' ही मुक्त स्वरूपाची अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली २००२ मध्ये उपलब्ध झाली. आपल्या देशातील 'एनपीटीईएल' या उपक्रमास २००३ मध्ये प्रारंभ झाला. पुढे २०१७ मध्ये 'स्वयम्' आणि 'दीक्षा' हे राष्ट्रीय मंच कार्यान्वित झाले. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि तोवर पूरक मानले जाणारे साधन काही काळ एकमेव साधन ठरले. या मंचांचा विद्यार्थ्याला नेमका कोणता आधार मिळतो, याची चिकित्सा सेलूसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाच्या दृष्टीने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मंचाची रचना आणि आपला वापर :

'स्वयम्'वरील अभ्यासक्रमाची रचना चार विभागांची आहे. चित्रफीत-व्याख्यान, वाचनसाहित्य, शंकानिरसनासाठी चर्चा आणि स्वयंमूल्यमापन हे ते चार विभाग होत. यातील पहिले दोन विभाग शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जातात, तर उरलेले दोन विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे परत येतात. ज्ञानदानाची प्रक्रिया या परतीच्या वाटेवाचून पूर्ण होत नाही.

महाविद्यालयीन पातळीवरील आपला वापर मात्र बहुतांशी पहिल्या दोन विभागांपुरता मर्यादित राहिला आहे. टिपणे चढवली जातात, चित्रफितींचे दुवे व्हॉट्सॲप गटावर पाठवले जातात, विद्यार्थी हात जोडल्याचे चिन्ह पाठवून पोच देतात आणि व्यवहार तेथेच संपतो. पोच मिळाली म्हणजे आकलन झाले, असे गृहीत धरले जाते. किती शिक्षक तंत्रज्ञान वापरतात आणि किती ई-साहित्य निर्माण झाले, याची नोंद मूल्यांकनाच्या कागदपत्रांत सहज करता येते. विद्यार्थ्याच्या किती शंकांचे निरसन झाले, याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. जे मोजले जाते तेच वाढते, हा नियम येथेही लागू पडतो.

साधनांची विषमता :

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भारतातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती, तर संगणक सुमारे ४ टक्के कुटुंबांकडेच होता. शहरी भागात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४२ व २३ टक्के होते. त्यानंतर मोबाईलचा प्रसार झपाट्याने झाला, हे खरे. तथापि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर तासाभराचे व्याख्यान ऐकणे आणि संगणकासमोर बसून अभ्यास करणे यांत अंतर आहे. घरातील एकच मोबाईल भावंडांत वाटून घ्यावा लागत असेल, तर ते अंतर आणखी वाढते.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 'स्वयम्'वरील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी व्याख्यान पाहू शकतो. परंतु चर्चाविभागात इंग्रजीतून शंका विचारण्याचे धाडस त्याला होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमानुसार 'स्वयम्'द्वारे २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली. मुभा दुप्पट झाली, पण शंका विचारण्याची सोय त्या प्रमाणात वाढली नाही.

मुक्त विद्यापीठाचा धडा :

दूरशिक्षणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाने स्वयं-अध्ययनाची पुस्तके मराठीत तयार केली, पण केवळ पुस्तकांवर विसंबून राहिले नाही. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उभारली, संपर्कसत्रे ठेवली, समंत्रक नेमले. पुस्तक दुरून आले तरी शंका विचारण्यासाठी जवळचा माणूस हवा, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते. ती व्यवस्था सर्वत्र सारख्याच क्षमतेने चालली असे म्हणता येणार नाही. तथापि तिच्यामागील विचार योग्य होता. आजच्या ऑनलाईन मंचांच्या वापरात हा समंत्रकच गळून पडला आहे.

आक्षेप आणि उपाय :

प्राध्यापकांच्या रिक्त जागा, तासिका तत्त्वावरील अध्यापकांची अस्थिरता आणि कार्यालयीन कामाचा भार पाहता प्रत्येक शंकेला उत्तर देणे शक्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु येथेच मंचाचा खरा उपयोग आहे. 'मूडल'वर दहा प्रश्नांची चाचणी घेतली तर कोणत्या प्रश्नावर वर्ग अडखळला, हे प्रश्ननिहाय दिसते. साठ उत्तरपत्रिका न तपासता शिक्षकास पुढील तासिकेची पहिली दहा मिनिटे कशासाठी द्यावीत, हे कळते. चाचणीचा उपयोग गुण देण्यापेक्षा अडचण शोधण्यासाठी व्हावा.

यासोबत आणखी तीन गोष्टी महाविद्यालयीन पातळीवर शक्य आहेत. पहिली, 'स्वयम्'चा अभ्यासक्रम निवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विभागातील एका प्राध्यापकाकडे समंत्रकाचे काम सोपवावे आणि ते कार्यभारात धरावे. दुसरी, मराठीतून, प्रसंगी रोमन लिपीतूनही, शंका विचारण्याची मोकळीक द्यावी. तिसरी, गावाकडे परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एस.टी.ची वेळ लक्षात घेऊन ग्रंथालयातील संगणक दिवसाच्या वेळी त्यांना उपलब्ध करून द्यावेत. यांपैकी कशासाठीही नवीन मंच विकत घ्यावा लागत नाही.

समारोप :

ऑनलाईन मंचाने मराठवाड्यातील विद्यार्थ्यास देशातील नामवंत प्राध्यापकांचे व्याख्यान उपलब्ध करून दिले, ही उपलब्धी लहान नाही. परंतु व्याख्यान ऐकून जो प्रश्न मनात उभा राहतो, त्याचे उत्तर त्यास सेलूतच मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही, तर प्रवेशपटावर नाव राहील आणि विद्यार्थी मात्र अभ्यासातून निघून जाईल. म्हणून महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात किती साहित्य चढवले, या रकान्याशेजारी किती शंकांना उत्तर दिले, हा रकाना असणे अगत्याचे आहे.