टूम आणि शैली

‘टूम’ हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द आहे. टूम निघते, ती कोणीतरी काढलेली असते, आणि काही दिवसांनी ती जाते. शैलीच्या बाबतीत आपण ही क्रियापदे वापरीत नाही. भाषेने इतका स्वच्छ भेद करून ठेवला असताना आपल्या वाङ्मयीन चर्चेत मात्र ह्या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. ही गल्लत समीक्षकच करतात असे मात्र नव्हे, लेखकही करतात. मी स्वतः केली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

मी चिंचवडच्या एका शाळेत चित्रकला शिकवितो. माझे शिक्षण, जुन्या भाषेत सांगायचे तर, मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. तेव्हा समीक्षेची परिभाषा माझ्यापाशी फारशी नाही. जे सांगायचे ते वर्गातल्या अनुभवावरूनच सांगावे लागेल. टेबलावर एक मडके, एक तांब्या आणि दोन लिंबे मांडून मी मुलांना वस्तुचित्र काढायला सांगतो. चाळीस मुलांतली पाच-सहा मुले तरी शेजाऱ्याचे पाहून काढतात. त्यांना ओळखायला मला कष्ट पडत नाहीत. शेजाऱ्याच्या जागेवरून एक लिंबू तांब्याआड अर्धे झाकलेले दिसते. ह्याच्या जागेवरून ते पूर्ण दिसत असते, आणि तरीही ह्याच्या कागदावर अर्धेच लिंबू उतरते. रेघ सुबक असते, छायाही बरी असते. चुकलेली असते ती फक्त बसायची जागा.

आपल्या कथा-कादंबरीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर असली अर्धी लिंबे पुष्कळ सापडतील. ना. सी. फडके ह्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले आणि कथेचे तंत्र ही शिकून घेण्याजोगी गोष्ट आहे, असा विश्वास लिहिणाऱ्यांच्या एका पिढीत उत्पन्न झाला. स्वतः फडक्यांच्या भाषेतला सफाईदारपणा त्यांच्या वृत्तीला शोभणारा होता. त्यांचा कित्ता गिरविणाऱ्यांच्या हाती सफाई तेवढी राहिली. पुढे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात बोलतो तो धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून गेलेला एक तरुण. तो बाहेरून आलेला आहे, म्हणून त्याचे निवेदन मोजके आहे. जे डोळ्यांना दिसले तेवढेच तो सांगतो. ग्रामीण कथेची टूम निघाली तेव्हा अनेकांनी तिच्यातली बोली उचलली. मोजकेपणा उचलणे अवघड, तो मागेच राहिला.

परंतु ह्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘कोसला’चे आहे. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, नाना उद्योग करतो आणि शेवटी हात हलवीत गावी परततो. त्याच्या तोंडी ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे दोन शब्द सारखे येतात. वरवर वाचणाऱ्याला ती एक लकब वाटेल. पण हे शब्द काय काम करतात ते पाहावे. ‘उदाहरणार्थ’ म्हणताच सांगवीकराचे अवघे आयुष्य हे अनेकांतले एक उदाहरण होऊन बसते. त्याला विशेष मोल उरत नाही. आणि ज्या मोठ्या शब्दांपुढे मान तुकवावी असे घरच्यांनी आणि गुरुजनांनी शिकविलेले असते, त्यांच्यामागे ‘वगैरे’ लागले की ते शब्द जागच्या जागी पोकळ होतात. हा अविश्वास सांगवीकराला परवडतो, कारण गावाकडे शेतीभाती राखून असलेला कर्ता बाप आहे आणि त्याच्याशी ह्या मुलाचे जन्माचे भांडण आहे. धाकटी बहीण मनी जाते, तेव्हा तर ह्या थट्टेखाली काय दडले होते ते उघडे पडते. म्हणजे ‘वगैरे’ हा तेथे अलंकार नाही. तो काढला तर सांगवीकर नाहीसा होईल.

नंतरच्या काळात ‘वगैरे’ची टूम निघाली. नेमाड्यांनी स्वतः ‘बिढार’ (१९७५) मध्ये प्रथमपुरुषी निवेदन सोडले आणि चांगदेव पाटलाची हकीकत तृतीयपुरुषात सांगितली. लेखक आपल्या वाटेने पुढे गेला. अनुकरण करणारे मात्र जुन्या जागीच थांबले. त्या थांबलेल्यांत, बऱ्याच वर्षांनी का होईना, मीही होतो.

पंधराएक वर्षांपूर्वी मी माझी पहिली कादंबरी लिहिली. परभणीकडचा, आयटीआय झालेला एक मुलगा चाकणला कंत्राटी कामगार म्हणून येतो, तिघांच्या खोलीत राहतो, पाळ्या करतो, अशी ती हकीकत. माणसे माझ्या पाहण्यातली होती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप तेच होते. निवेदन मात्र मी पानोपानी ‘वगैरे’ पेरीत केले. दोन परीक्षणांत ‘तिरकस शैली’ म्हणून माझे कौतुक झाले आणि ते मी खरे मानले.

मग एका वाचनालयात कादंबरीवर छोटी बैठक झाली. पंचवीस-तीस माणसे होती. शेवटी मागच्या रांगेतला एक तिशीचा कामगार उठला. पुस्तकात बसचे तिकीट खूण म्हणून घातलेले होते, ते पान त्याने उघडले.

“सर, राग मानू नका,” तो म्हणाला, “पोरगं आमचंच हाय, पण बोलतंय कुणी दुसरंच. इथं ‘पर्मनंट वगैरे’ लिहिलंय. पर्मनंटच्या पुढं वगैरे कसं येईल? दर सात महिन्याला ब्रेक देतात, गेटपास जमा करून घरी बसावं लागतं. आम्हाला तर तेवढा एकच शब्द हाय, सर.”

मी काहीतरी उत्तर दिले. ‘पात्राचा उपरोध’ असा काही शब्दप्रयोगही केला असावा. तो मान हलवून खाली बसला. पण घरी येताना मला माझ्या वर्गातले अर्धे लिंबू आठवत राहिले. सांगवीकराच्या जागेवरून पदवी पोकळ दिसते, कारण ती नाकारायची मुभा त्याला आहे. माझ्या नायकाच्या जागेवरून ‘पर्मनंट’ हा शब्द भरीव, वजनदार, हाताला न लागणारा असा दिसायला हवा होता. मी माझ्या माणसाला त्याच्या जागेवर बसवून दुसऱ्याच्या जागेवरचे चित्र काढायला लावले होते. शब्द उसना घेतला ह्याचे मला तितके वाईट वाटत नाही. त्या शब्दामागची ऐपतही आपण उसनी घेतो आहोत, आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याच्या अंगावर ती चढवितो आहोत, हे कळले नाही ह्याचे वाटते.

मग दुसऱ्याचे काही घेऊच नये काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आमच्याकडच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. चाकणच्या कारखान्यांच्या कडेला भामचंद्राचा डोंगर आहे, आणि थोड्या अंतरावर इंद्रायणीच्या काठी देहू. तुकारामांनी अभंगाचा घाट आधीच्या संतांकडून घेतला, शेवटी नाममुद्रा घालण्याची रीतही घेतली. नामदेवांनी स्वप्नात येऊन आपल्याला कवित्वाला लावले, असे ते स्वतःच सांगतात. ऋण इतके उघड कबूल करणारा कवी विरळा. पण त्या घाटात बोलतो तो दुष्काळात दिवाळे निघालेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेलेली पाहिलेला देहूचा वाणी. तो कोणाच्या जागेवर बसलेला नाही.

त्याच काळात सालोमालो म्हणून एक गृहस्थ तुकारामांच्या अभंगांत आपले नाव घालून ते म्हणत असे, असे परंपरा सांगते. त्याला उद्देशून केलेले अभंग गाथेत आहेत. त्याने सगळे घेतले आणि फक्त नाव बदलले. उलट, ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा घालून इतरांनीही रचना केल्या. गाथेच्या सर्व प्रतींत अभंगांची संख्या सारखी नाही, आणि कोणता अभंग अस्सल ह्यावर जाणकारांचे वाद आहेत. तेव्हा नक्कल नेहमी उघडकीस येते, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. ती पचतेही. माझी दोन परीक्षणांत पचलीच होती.

अलीकडे त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढावी असे प्रकाशकांनी सुचविले. मी एक प्रत घेतली आणि पेन्सिलीने ‘वगैरे’ खोडायला बसलो. चार रात्री ते काम चालले होते. मला भीती होती की वाक्ये मोडून पडतील. तसे काही झाले नाही. वाक्ये उलट सुटसुटीत झाली आणि कोणाचेही काही बिघडले नाही. ज्या शब्दांच्या जाण्याने काहीच बिघडत नाही, त्यांना मी इतकी वर्षे माझी शैली समजत होतो.

एका प्रकरणात मात्र खोडायला काही सापडेना. नायकाला ब्रेक मिळतो त्या दिवसाचे ते प्रकरण, नऊ पानांचे. घरमालकाला कळू नये म्हणून तो नेहमीप्रमाणे डबा भरतो, कंपनीचा शर्ट घालतो, पहाटे बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो आणि बस आली की चढत नाही. त्या नऊ पानांत एकही ‘वगैरे’ नव्हते. लिहिताना ते माझ्या ध्यानात आले नव्हते. परीक्षणांत त्या प्रकरणाचा उल्लेखही नव्हता. तो थांबा माझ्या शाळेच्या वाटेवरचा. तसा उभा राहिलेला माणूस मी पाहिला होता, आणि थट्टा सुचण्याइतका मी त्याच्यापासून दूर नव्हतो.

ती माझी शैली आहे असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. नऊ पानांवरून असा दावा करू नये. प्रकाशकांना मी कळविले आहे की दुसरी आवृत्ती तूर्त नको; ते प्रकरण घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलो आहे.