अमेरिकन दक्षिणेचें रॉक-संगीत

‘दक्षिण’ म्हटली कीं मराठी वाचकाच्या मनांत कावेरीचें खोरें आणि तेथील वीणा उभी राहते. प्रस्तुत लेखांतील दक्षिण निराळी आहे. गुलामगिरी टिकविण्यासाठीं ज्या अमेरिकन राज्यांनीं १८६१ सालीं यादवी युद्ध मांडलें आणि चार वर्षांनीं हार खाल्ली, त्यांच्या भूमींत १९६९ च्या सुमारास जें गिटारप्रधान संगीत उदयास आलें, त्यास ‘सदर्न रॉक’ म्हणतात. हें नांव मुळांतच फारसें समर्पक नाहीं. एल्विस प्रेस्ले मिसिसिपींतील टुपेलोचा, लिटल रिचर्ड जॉर्जियांतील मेकनचा. रॉक-संगीताचें माहेरच जर दक्षिण, तर तें विशेषण आणखी कशास हवें? ग्रेग ऑलमन यांस हें बिरुद रुचत नसे, तें याच कारणानें. तथापि रूढीपुढें इलाज नाहीं.

या संगीताविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी त्यास दारू आणि भटकंती यांपलीकडे न जाणारें रांगडें गाणें समजून नाक मुरडतो. कोणी दक्षिणेच्या अभिमानाचें निशाण म्हणून तें डोक्यावर घेतो. दोन्ही पक्षांनीं मूळ तबकड्या शांतपणें ऐकल्या असाव्यात, असें आम्हांस वाटत नाहीं. एका वादकानें दुसऱ्याकडे कान देणें, आणि गोऱ्या तरुणांनीं आपल्याच प्रांतांतील कृष्णवर्णी गायकांपुढें शिष्यभावानें बसणें, या दोन गोष्टींवर या संगीताचें सारें बरेंवाईट अवलंबून आहे.

ऑलमन ब्रदर्स बँड हा वादकवृंद मार्च १९६९ मध्यें फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिल येथें जमला आणि लौकरच मेकन येथें राहावयास गेला. सहा जणांपैकीं ड्रम वाजविणारा जेमो हा कृष्णवर्णी होता. वर्णभेदास कायद्यानें बंदी होऊन जेमतेम पांच वर्षें लोटलेलीं. अशा वेळीं जॉर्जियांतील एका घरांत या मंडळींनीं एकत्र राहणें ही साधी गोष्ट नव्हती. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहांत १९७१ च्या मार्चमध्यें त्यांचे जे जलसे झाले, त्यांवरून त्याच वर्षीं निघालेली जोड-तबकडी ही आमच्या मतें या संप्रदायाची सर्वश्रेष्ठ कृति होय. तिचा आरंभच ब्लाइंड विली मॅक्टेल या जॉर्जियांतील अंध, कृष्णवर्णी गायकानें १९२८ सालीं ध्वनिमुद्रित केलेल्या एका ब्लूज-रचनेनें होतो. ड्वेन ऑलमन औषधाची रिकामी बाटली बोटांत घालून ती तारेवर सरकवीत असे. त्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना मधली सारी वाट ऐकूं येते. मींड ज्याच्या कानांत मुरली आहे अशा श्रोत्यास हें वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

परंतु त्यांचें खरें सामर्थ्य ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ या तेरा मिनिटांच्या शब्दरहित रचनेंत आहे. हें नांव मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमींतील एका थडग्यावरून घेतलेलें आहे. रचना डिकी बेट्स यांची. आरंभीं त्यांची गिटार दुरून हांक यावी तशी उमटते. मग ड्वेनची गिटार तिला येऊन मिळते आणि दोघी मुख्य धून स्वरसंवाद साधीत जोडीनें वाजवितात. पुढें बेट्स, नंतर ऑर्गनवर ग्रेग, मग ड्वेन असे एकेकाचे विस्तार होतात. ड्वेनचा विस्तार एकदां शिखरास पोंचतो, उतरतो, आणि आतां संपलें असें वाटत असतांना पुन्हां चढूं लागतो. माइल्स डेव्हिस व जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझवर ड्वेनची मोठी भक्ति होती. स्वरांच्या एकाच चौकटींत दीर्घकाळ राहून तिचा कोपरा न् कोपरा धुंडाळण्याची ही रीत तेथली. आपल्या ख्यालांतील बढतीशीं तिचें साम्य दिसतें. मात्र तेवढ्यावरून दोहोंना एकाच माळेंत ओंवणें आम्हांस पसंत नाहीं. येथें दोन ड्रमवाल्यांचा रेटा पाठीशीं असतो आणि सम येऊन विसावा मिळत नाहीं.

त्या वर्षाच्या २९ ऑक्टोबरला मेकन येथें मोटरसायकलच्या अपघातांत ड्वेन गेला, वय चोवीस. वर्ष उलटलें तोंच, ११ नोव्हेंबर १९७२ रोजीं, त्या ठिकाणाजवळच त्याच वयाचा बेरी ओकली तशाच अपघातानें गेला.

लिनर्ड स्किनर्ड हा दुसरा मोठा वृंद, तोही जॅक्सनव्हिलचाच. याच्याकडे तीन गिटारी. पण त्यांचे विस्तार आधींच बांधून, घोटून तयार केलेले असत. १९७३ मधील ‘फ्री बर्ड’चा द्रुत उत्तरार्ध रोमांच उभे करतो, तरीहि फिलमोरच्या तबकडींत जी अनिश्चिततेची धास्ती आहे, ती त्यांत नाहीं. गायक रॉनी व्हॅन झँट यांची लेखणी मात्र ऑलमन मंडळींहून सरस, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. १९७४ मधील त्यांच्या ‘स्वीट होम अलाबामा’वरून अद्यापि वाद होतो. नील यंग या कॅनडाच्या गायकानें दक्षिणेच्या वर्णद्वेषावर दोन गाणीं लिहिलीं, त्यांना हें उत्तर. गाण्याच्या तिन्ही रचनाकारांपैकीं अलाबामाचा एकही नव्हता! वर्णभेदाचे पुरस्कर्ते गव्हर्नर वॉलेस यांचा उल्लेख येतांच मागून धिक्काराचा स्वर निघतो; आणि साथीस गाणाऱ्या मेरी क्लेटन व क्लायडी किंग या दोघी कृष्णवर्णी गायिका होत्या. हा उपरोध आहे असें मानण्यास जागा आहे, आणि आम्ही तसें मानतों. परंतु उपरोध फार नाजूक असतो. त्याच रंगमंचावर मागें गुलामगिरीच्या पक्षाचें युद्धनिशाण टांगलें, कीं समोरचे हजारों लोक निशाणच पाहणार. याचा दोष श्रोत्यांवर टाकून वृंदास मोकळें करतां येत नाहीं.

आश्चर्य हें कीं, त्याच तबकडीवर ‘बॅलड ऑफ कर्टिस लो’ आहे. लोकांनीं निरुपयोगी ठरविलेल्या एका कृष्णवर्णी म्हाताऱ्याचें वादन ऐकण्यासाठीं रिकाम्या बाटल्या विकून पैसे जमविणाऱ्या पोराची ती कहाणी आहे. घरच्या माराची पर्वा न करतां तें पोर त्याच्यापाशीं जातें. व्हॅन झँट यांची दक्षिण आम्हांस या गाण्यांत अधिक खरी वाटते. २० ऑक्टोबर १९७७ रोजीं मिसिसिपींत विमान कोसळून ते वारले.

पुढील मंडळींपैकीं साउथ कॅरोलायनाच्या मार्शल टकर बँडची बांसरी श्रवणीय आहे. उरलेल्यांपैकीं बऱ्याच जणांनीं टोप्या आणि निशाणें तेवढीं उचललीं. ऑलमन वृंद मात्र २०१४ पर्यंत वाजवीत राहिला. ड्रमवादक बुच ट्रक्स यांचा पुतण्या डेरेक १९९९ मध्यें त्यांत आला. हा अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाचा भक्त. त्यानें कॅलिफोर्नियांतील खाँसाहेबांच्या संगीतशाळेंत कांहीं धडे घेतले, आणि २००६ मधील आपल्या ‘साँगलाइन्स’ या तबकडींत नुसरत फतेह अली खाँ यांची एक कव्वाली गिटारीवर वाजविली. सरोदालाही पडदे नसतात. तेथेंहि बोट तारेवरून घसरतच पुढें जातें.