सोयाबीन वाणांची पूरसहनशीलता व उत्पादनक्षमता : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
बीड जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडल्याने २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत व पुरात सोयाबीनची उभी पिके पाण्याखाली गेली. त्यामुळे पूर सहन करणाऱ्या व भरघोस उत्पादन देणाऱ्या वाणाची अपेक्षा वाढणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या अपेक्षेमागील गृहीतकांची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पूरसहनशीलतेची चर्चा होताना भातातील ‘स्वर्णा-सब१’ या वाणाचा दाखला दिला जातो. भारतात २००९ मध्ये प्रसारित झालेला हा वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो आणि मूळ ‘स्वर्णा’ची उत्पादनक्षमताही राखतो. तेथे मोठा प्रभाव असलेला एकच जनुकीय घटक हाती लागला होता. सोयाबीनमध्ये मात्र हा गुण अनेक घटकांवर अवलंबून आहे. म्हणून भाताचे उदाहरण सोयाबीनला सरसकट लागू करता येत नाही.

दुसरे असे की, ‘पूरसहनशीलता’ हा एकच गुण नाही. पेरणीनंतर पाणी साचल्यास बियाणे कुजते. वाढीच्या काळात मुळांना प्राणवायू मिळत नाही, गाठींमधील नत्र स्थिरीकरण मंदावते व पाने पिवळी पडतात. पक्वतेच्या वेळी पाऊस लांबल्यास शेंगेतच दाण्यांना मोड येतात. मुळांचे सामर्थ्य दुसऱ्या अवस्थेत पिकाला तारू शकेल, परंतु तिसऱ्या अवस्थेत त्याचा फारसा उपयोग नाही. तेथे पक्वतेचा कालावधी आणि दाण्याची सुप्तावस्था हे गुण निर्णायक ठरतात. लवकर येणारा वाण परतीच्या दुष्काळातून सुटतो, पण सप्टेंबरच्या पावसात सापडण्याचा धोकाही त्यालाच अधिक असतो.

तिसरा मुद्दा चाचणीपद्धतीचा आहे. जबलपूरचा ‘जेएस-३३५’ किंवा परभणीचा ‘एमएयूएस-७१’ यांसारख्या वाणांची निवड प्रामुख्याने सरासरी उत्पादनावर आधारलेली असते. पाणी साचून प्रयोगातील तफावत मर्यादेबाहेर गेली की ती चाचणी सर्वसाधारणपणे बाद ठरते. संख्याशास्त्रीय दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे ज्या वर्षी वाणाची खरी परीक्षा होते, त्याच वर्षाची नोंद निवडप्रक्रियेतून गळते. शिवाय गेवराई-माजलगावच्या गोदाकाठची भारी काळी जमीन आणि आष्टी-पाटोद्याची बालाघाटावरील हलकी जमीन यांचा निचरा भिन्न आहे. एकाच सरासरीत दोन्हींचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

समारोप :
पूरसहनशील वाणाची मागणी अवास्तव नाही, अपुरी मात्र आहे. मुद्दाम पाणी साचवून घेतलेल्या स्वतंत्र चाचण्या, अवस्थानिहाय नोंदी आणि जमिनीच्या प्रकारानुसार शिफारस यांची तिला जोड मिळाली पाहिजे. रुंद वरंबा सरी पद्धतीने होणारा निचरा हाही वाणाइतकाच महत्त्वाचा आहे. कोणताही वाण वाहत्या पुरात खरवडून जाणारी माती थोपवू शकत नाही. तेव्हा नुकसानभरपाई व पीकविम्याची जबाबदारी बियाण्यावर ढकलणे उचित ठरणार नाही. ज्या जिल्ह्यात कोरडा व ओला असे दोन्ही दुष्काळ पडतात, तेथे उत्तम वर्षातील उच्चांकापेक्षा वाईट वर्षातील हमखास उतारा हाच वाणाच्या श्रेष्ठतेचा निकष मानला पाहिजे.