शब्दाने झालेला पिता

मिखाईल शोलोखोव्ह यांची ‘सुदबा चेलोवेका’ (एका माणसाचे नशीब) ही कथा ‘प्रावदा’ दैनिकात ३१ डिसेंबर १९५६ व १ जानेवारी १९५७ या दोन अंकांत आली. तिच्यावरून सर्गेई बोंदार्चुक यांनी १९५९ साली त्याच नावाचा कृष्णधवल चित्रपट काढला. दिग्दर्शक म्हणून ही त्यांची पहिलीच कृती. नायक आंद्रेई सोकोलोव्हची भूमिकाही त्यांचीच. युद्धपट म्हणून तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला लिहायचे आहे ते त्यातील दोन प्रसंगांविषयी.

पहिला प्रसंग चर्चमधला. जर्मनांनी युद्धकैद्यांना एका भग्न चर्चमध्ये रात्रभर कोंडले आहे. त्यांतील एका भाविक सैनिकाला देहधर्मासाठी बाहेर जायचे आहे. देवाचे घर विटाळणे त्याच्या जिवावर येते. तो दार ठोठावतो, विनवण्या करतो. उत्तर म्हणून बाहेरून गोळ्या येतात. त्याच रात्री, त्याच छपराखाली, आपल्या अधिकाऱ्याला शत्रूच्या हवाली करू पाहणाऱ्या कैद्याचा सोकोलोव्ह गळा दाबतो. ख्रुश्चेव्ह यांच्या धर्मविरोधी मोहिमेच्या काळात त्या भाविकाला पडद्यावर जागा मिळाली, हेच विशेष. गळा दाबणाऱ्या हातांना मात्र चित्रपट फार लवकर क्षमा करतो, असे मला वाटते.

दुसरा प्रसंग युद्धानंतरचा. सोकोलोव्हची पत्नी व दोन मुली बॉम्बहल्ल्यात गेल्या; मुलगा विजयाच्या दिवशीच, ९ मे १९४५ रोजी, मारला गेला. ट्रक चालवून दिवस ढकलणाऱ्या या माणसाला चहाच्या दुकानापाशी वान्या हा अनाथ पोर भेटतो. बाप आघाडीवर पडला, आई आगगाडीत बॉम्बने गेली, हे तो स्वतःच सांगतो. आणि ट्रकमध्ये शेजारी बसलेल्या त्या पोराला सोकोलोव्ह सांगतो, की तुझा बाप मीच. पोर त्याच्या गळ्यात पडते.

सेमिनरीत आम्ही संत ऑगस्टीन यांचे मत घोकले होते: हेतू कितीही चांगला असो, असत्य हे पापच. त्या कसोटीवर सोकोलोव्ह खोटे बोलतो. पण मला ते पटत नाही. विवाहवेदीपुढे वधूवर जे बोलतात, ती घडून गेलेल्या गोष्टीची वार्ता नसते; त्या बोलण्यानेच ती गोष्ट घडते. सोकोलोव्हचे वाक्य त्या जातीचे आहे. संत योसेफाचे पितृत्व तरी रक्ताचे कुठे होते? (आम्हा धर्मगुरूंनाही लोक ‘फादर’ म्हणतात, ते ऐकताना माझी मान कधी कधी खाली जाते.)

तरीही एक शंका उरते. वान्या मोठा होईल, त्याला खऱ्या बापाचा चेहरा आठवेल, तेव्हा काय? आपल्या धर्मग्रामांतही मूल दत्तक घेतलेली जोडपी आहेत. ‘फादर, सांगावे की नाही, आणि कधी?’ असे ती विचारतात. सांगावे, आणि लवकर सांगावे, असेच मी म्हणतो. चित्रपट तिथवर जातच नाही. बापलेक हात धरून वाटेला लागतात, आणि तो थांबतो.

वान्या झालेल्या पावेल बोरिस्किन या लहानग्याचा चेहरा विसरता येत नाही. चित्रपट मिळाल्यास घरच्यांनी एकत्र बसून पाहावा. छळछावणीची दृश्ये आहेत, तेव्हा अगदी लहान मुलांना त्या वेळी बाहेर खेळायला पाठवावे.