लिनक्ससाठी फ्लाइट सिम्युलेटर : निवडीचा निकष

लिनक्सवर थेट चालणारे दोन प्रमुख फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर. चित्रांची सफाई हाच निकष धरला, तर एक्स-प्लेन १२ सहज सरस ठरते. पण तुम्ही विमानविद्या शिकत असाल, तर आधी विचारा : विमानावरील बल कसे काढले जाते, आणि ते गणित आपल्याला तपासता येते का?

एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येक भागावरील बल मोजते. त्यामुळे पंखाचा आकार बदलला की उड्डाणही बदलते. ही पद्धत अभ्यासाला उत्तम आहे. मात्र मूळ कोड खुला नाही आणि पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. खरेदीपूर्वी मोफत डेमो आपल्याच संगणकावर चालवून पाहा.

फ्लाइटगिअर जीपीएल परवान्याखाली विनामूल्य मिळते. त्यातील जेएसबीसिम हे प्रारूप लिफ्ट व ड्रॅगचे गुणांक साध्या एक्सएमएल फाइलमधील कोष्टकांतून घेते. मोठ्या आघातकोनावरचा लिफ्टचा गुणांक कमी करा. विमान लवकर स्टॉल होताना दिसेल. पाठ्यपुस्तकातला आलेख असा हाताळता येतो.

उणीव एकच, पण मोठी : विमाने स्वयंसेवकांनी बनवलेली असल्याने दर्जा असमान आहे. बाह्यरूप देखणे, उड्डाण मात्र कच्चे, असेही आढळते. म्हणून विमानाला दिलेले गुणांकन पाहा आणि सुरुवात सेसना १७२पी पासून करा.

दृश्यानुभव हवा असेल तर एक्स-प्लेन घ्या. कारणे शोधायची असतील तर फ्लाइटगिअर.