पडद्यावरचे उभयचर विमान : काय शिकवते, काय लपवते

संगणकावर विमान चालवण्याच्या कार्यक्रमांना आता चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्यांत मोठी प्रवासी जेट विमाने असतात, लढाऊ विमाने असतात. तरीही गेल्या काही वर्षांत अनेकांचे मन एका चिमुकल्या दोन आसनी विमानावर जडले आहे. त्याचे नाव आयकॉन ए-5. हे विमान धावपट्टीवर उतरते, तसेच पाण्यावरही उतरते. 2012 साली आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’मध्ये ते विनामूल्य मिळत असे. 2020च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’च्या मूळ आवृत्तीतही ते आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने या विमानाकडे कसे पाहावे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

आधी खऱ्या विमानाविषयी. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 2004 साली ‘लाइट स्पोर्ट’ विमानांचा वेगळा वर्ग केला. दोनच माणसे, एकच इंजिन, वेग ताशी 120 नॉटपर्यंत म्हणजे सुमारे 222 किलोमीटर, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे वजन 1430 पौंडांपर्यंत म्हणजे साधारण 650 किलो, अशा त्या वेळच्या मर्यादा होत्या. चालकाला परवान्यासाठी किमान 20 तासांचे उड्डाण पुरे होते. ए-5 या नियमाच्या पोटीच जन्मले. विमान सहजासहजी गिरकीत सापडू नये अशी पंखांची रचना करताना वजन वाढले, म्हणून 2013 साली त्याला वजनात खास सवलत मिळाली. शेवटी ते 685 किलोंवर स्थिरावले. इंजिन 100 अश्वशक्तीचे, पंख घडी होणारे, चाके पोटात ओढून घेता येणारी.

अशा विमानाचे आकर्षण पडद्यावर का वाटावे? पहिले कारण मोकळेपणाचे. जेट विमानाला लांब धावपट्टी लागते, याला एखादे तळे पुरते. 2020च्या कार्यक्रमात उपग्रह छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केलेली असल्याने कोयनेच्या शिवसागरापासून कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवरापर्यंत कोठेही उतरून पाहता येते. दुसरे कारण संथपणाचे. कमी वेगाने आणि कमी उंचीवरून जाताना नदीची वळणे, डोंगरांच्या धारा, शेतांचे तुकडे नीट दिसतात. भूगोलाच्या शिक्षकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चालकासमोर शंभर तबकड्या नाहीत. ज्या थोड्या आहेत त्यांत एक ठळक तबकडी पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन दाखवते.

हा कोन म्हणजे उड्डाणशास्त्राचे मर्म आहे. वेग कमी झाला की विमान पडते, असे पुष्कळ जण समजतात. वस्तुतः हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. वेग भरपूर असतानाही तो येऊ शकतो. विमान 60 अंश कलवून उंची न गमावता वळवले, तर पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग 1.41 पट होतो. सरळ उड्डाणात 70 किलोमीटरला येणारा स्टॉल येथे 99 किलोमीटरलाच येतो. वेग तोच ठेवून वळण घेताना तबकडीचा काटा कसा वर चढतो हे विद्यार्थ्याने एकदा पाहिले, की फळ्यावरच्या सूत्राला अर्थ येतो.

आता उणिवा. पहिली उणीव पाण्याची आहे. या कार्यक्रमात हवेचे गणित विमानाच्या हजारावर तुकड्यांवर मांडले जाते, असे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले आहे. पाण्याशी मात्र विमानाची गाठ थोड्याच संपर्कबिंदूंतून पडते. खऱ्या विमानाची पाण्यावरची गोष्ट रंजक असते. स्थिर असताना ते आर्किमिडीजच्या नियमाने तरंगते, म्हणजे 685 किलोंचे विमान गोड्या पाण्यात 685 लिटर पाणी बाजूला सारते. वेग वाढू लागताच पाण्याचा विरोध एका शिखरापर्यंत चढतो. मग तळ वर उचलला जाऊन पाण्यावर घसरू लागतो आणि विरोध उतरतो. तळाला मध्येच केलेली पायरी पाण्याची चिकट ओढ तोडते. हे शिखर ओलांडण्याची झटापट पडद्यावर फिकी भासते.

दुसरी उणीव ऋतूंची. पडद्यावरच्या जलाशयाचा काठ ठरलेला असतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये भरलेले धरण मे महिन्यात चिखलाचे आणि उघड्या खडकांचे होते. हा फरक कार्यक्रमाला ठाऊक नाही.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. 60 अंशांच्या वळणात खऱ्या चालकाला आपले वजन दुप्पट झाल्याचे अंगावर जाणवते. संगणकापुढच्या खुर्चीला ते कळत नाही. चाके बाहेर ठेवून पाण्यावर उतरले तर खरे विमान नाकावर उलटू शकते. पडद्यावर एक सूचना येते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. जे आकर्षण आम्ही वर सांगितले, कमी उंचीवरून पाण्याला लगटून जाण्याचे, तेच प्रत्यक्षात घातक ठरते. मे 2017मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेरीएसा सरोवराजवळ एक ए-5 कमी उंचीवरून चुकीच्या दरीत शिरले. चढत्या कड्यांतून वळून बाहेर पडणे जमले नाही आणि दोघे मृत्यू पावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या आखातात पाण्यालगत कसरती करताना माजी बेसबॉलपटू रॉय हॅलडे यांचे विमान कोसळले. गिरकीला दाद न देणारे पंख डोंगराला हटवू शकत नाहीत.

दरीचे गणितही वर्गात करण्याजोगे आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 45 अंश कलवून सेकंदाला 40 मीटर वेगाने वळल्यास त्रिज्या सुमारे 163 मीटर येते, 60 मीटर वेगाने 367 मीटर. म्हणजे मागे फिरायला याच्या दुप्पट रुंदी हवी. वेग दीडपट झाला, तर जागा सव्वादोन पट लागते.

तेव्हा आमचे मत असे : या कार्यक्रमावर हवेपुरता विश्वास ठेवावा, पाण्यापुरता सावधपणे. त्यातून करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रसपाटीवरील धावपट्टीवरून आणि साउथ लेक टाहोच्या सुमारे 1911 मीटर उंचीवरील धावपट्टीवरून चाकांवर धावून उड्डाण करावे आणि दोन्ही वेळा घड्याळ लावावे. वरच्या ठिकाणी प्रमाण स्थितीत हवेची घनता सुमारे 83 टक्के असते, म्हणून जमिनीसापेक्ष वेग जवळजवळ दहा टक्के जास्त लागतो. शिवाय इंजिनही मंदावते. धाव किती लांबेल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा, मगच पडद्याकडे पाहावे. पाण्यावरून उड्डाणाचे आकडे मात्र घेऊ नयेत. त्यासाठी बादलीभर पाणी आणि तळाला पायरी असलेली व नसलेली अशा दोन लाकडी होड्या अधिक खरे सांगतील.